गेहस्थान आणि परका माणूस: थायलंडमधील वास्तव्याच्या कागदांविषयी

थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या येण्याजाण्याची आणि राहण्याची नोंद ठेवणारे खाते तेथील शाही पोलीस दलाचा एक विभाग असून त्याच्या थाई नावाचा, म्हणजे ‘त्रुअत खोन खाओ मुआंग’ या शब्दसमूहाचा, सरळ अर्थ ‘नगरात शिरणाऱ्या माणसांची तपासणी’ असा होतो. या नावातील दोन आद्याक्षरे घेऊन ‘तॉ मॉ’ हा संक्षेप तयार झाला आणि त्याचेच रोमन रूप ‘टीएम’ असे झाल्यामुळे टीएम ७, टीएम ८, टीएम ३०, टीएम ४७ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे अर्ज तेथे नोकरीसाठी, व्यापारासाठी किंवा निवृत्तीनंतर राहणाऱ्या प्रत्येक परदेशी कुटुंबाच्या बोलण्यात रोजचे होऊन जातात. हे अर्ज एकेकटे पाहिले तर परस्परांशी संबंध नसलेल्या कटकटींसारखे भासतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला १९७९ सालचा स्थलांतर कायदा वाचला म्हणजे त्यांना जोडणारा धागा स्पष्ट दिसतो, आणि तो धागा पारपत्राचा नसून घराचा आहे. माणूस कोणत्या देशाचा आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तो रात्री कोणाच्या छपराखाली झोपतो या प्रश्नाला देणारी ही व्यवस्था आहे.

घराकडे वळण्यापूर्वी एक भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याच्या अभावी होणाऱ्या चुका सर्वांत महाग पडतात. व्हिसा आणि वास्तव्याची परवानगी या थायलंडमध्ये दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हिसा परराष्ट्र खात्याचा दूतावास किंवा मुंबईतल्यासारखी महावाणिज्य कचेरी देते आणि तो दारापर्यंत येण्याचा अधिकार असतो. दारातून आत आल्यावर किती दिवस राहायचे ते विमानतळावरील पोलीस अधिकारी शिक्क्यात लिहून देतो, आणि पुढे कायद्याच्या दृष्टीने मोजली जाते ती शिक्क्यातील तारीख. ही मुदत वाढवून घेण्याचा अर्ज म्हणजे टीएम ७, ज्याचे शुल्क १,९०० बाट आहे. मात्र वाढवून मिळालेली ही मुदत देशाबाहेर पाऊल टाकताच संपुष्टात येते. ती जिवंत ठेवायची असेल तर निघण्यापूर्वी टीएम ८ भरून पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो, जो एका खेपेसाठी १,००० आणि अनेक खेपांसाठी ३,८०० बाटला मिळतो. गणपतीसाठी आठ दिवस गावी जाऊन येणारे कुटुंब हा परवाना विसरले, तर वर्षभराची मुदत पारपत्रात छापलेली असूनही परतल्यावर तिचा उपयोग होत नाही आणि सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. भारतीय दूतावासातून नवे पारपत्र घेतल्यावर जुन्यातील शिक्के नव्यात उतरवून घेण्यासाठीही याच खात्यात जावे लागते, कारण परवानगी जरी माणसाला दिलेली असली तरी ती राहते शिक्क्यात.

आता घर. स्थलांतर कायद्याचे कलम ३८ असे सांगते की ज्या घरात परदेशी व्यक्ती उतरली असेल त्या घराच्या प्रमुखाने, मालकाने किंवा ताबेदाराने, आणि हॉटेल असेल तर त्याच्या व्यवस्थापकाने, चोवीस तासांच्या आत तसे अधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. हेच ते टीएम ३०. कायद्याच्या थाई मजकुरात निवासस्थानासाठी ‘खेहसथान’ हा शब्द येतो, जो मराठी वाचकाच्या डोळ्यांना क्षणात ओळखीचा वाटावा असा आहे, कारण तो गेह आणि स्थान या दोन शब्दांचा जोड आहे. आणि घरप्रमुखासाठी वापरलेला ‘चाओ बान’ हा शब्द अस्सल थाई असून ‘चाओ’ म्हणजे धनी आणि ‘बान’ म्हणजे घर. कलमाचा रोख नीट पाहिला पाहिजे. कर्तव्य परदेशी माणसावर टाकलेले नाही, ते घरधन्यावर टाकलेले आहे, आणि न कळवल्याचा दंडही कायद्याने त्याच्याच माथी आहे. प्रत्यक्षात मात्र मुदतवाढीच्या वेळी या नोंदीची पावती भाडेकरूकडे मागितली जाते, घरमालक परगावी असतो किंवा त्याला या कर्तव्याची कल्पनाच नसते, आणि त्यामुळे कायद्याने एकाचे असलेले काम दुसऱ्याला, दंडासह, निभवावे लागते. २०१९ साली या कलमाची अंमलबजावणी एकाएकी कडक झाली तेव्हा दुसऱ्या प्रांतात दोन दिवस राहून आलेल्या माणसाचीही नवी नोंद मागितली जाऊ लागली. पुढे २०२० मध्ये नियम सैल होऊन, एकदा नोंद झालेल्या पत्त्यावर परतणाऱ्याची पुन्हा नोंद करण्याची गरज उरली नाही. कर्तव्य आणि शिक्षा यांची अशी फारकत झाली की सज्जन माणसेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, आणि भाडेकरार करतानाच मालकाकडून ही नोंद लेखी कबूल करून घ्यावी हा जुन्या रहिवाशांचा सल्ला त्या अनुभवातून आलेला आहे.

हे कलम थायलंडचे वैशिष्ट्य आहे असे मात्र समजू नये. भारतातही परदेशी पाहुणा उतरवणाऱ्या हॉटेलाला, अतिथिगृहाला किंवा खासगी घराला चोवीस तासांच्या आत ‘सी फॉर्म’ भरून तशी माहिती द्यावी लागत आली आहे, आणि गोव्यातील हणजूण किंवा कळंगुट येथे खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे आणि पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना जागा देणारे घरमालक हे काम चांगले जाणतात. फरक एवढाच की भारतीय माणूस आपल्या देशात हे ओझे यजमान म्हणून उचलतो आणि बँकॉकमध्ये पाहुणा म्हणून त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

थाई राज्यव्यवस्थेत माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखाली नोंदला जाण्याची परंपरा या कायद्याहून कितीतरी जुनी आहे. जुन्या सयाममध्ये ‘फ्राय’ म्हणजे सामान्य रयतेतील पुरुष कोणत्या तरी ‘नाय’च्या, म्हणजे धन्याच्या, नावे नोंदलेला असे, आणि वेठीच्या कामातून तो निसटू नये म्हणून त्याच्या मनगटावर नोंदीची खूण गोंदली जात असे. पाचवा राम या राजाच्या कारकिर्दीत वेठ आणि गुलामी टप्प्याटप्प्याने संपली व १९०९ साली राज्यातील माणसांची यादी करण्याचा कायदा झाला, तेव्हा नोंदीचे एकक धनी न राहता घर झाले. माणसाला धन्याऐवजी उंबरठ्याने ओळखणे हे त्या काळातील मोठे पुढचे पाऊल होते, आणि आजची घरनोंदणी त्याच वाटेवर उभी आहे.

या घरनोंदणीला ‘थबियन बान’ म्हणतात. प्रत्येक घराला अकरा अंकी संकेतांक असतो, घराची एक पुस्तिका असते, तीत त्या घरी नोंदलेल्या व्यक्तींची नावे, त्यांचे तेरा अंकी नागरिक क्रमांक, आईवडिलांची नावे आणि ते कोठून आले व कोठे गेले याच्या नोंदी असतात, आणि त्यांपैकी एक जण चाओ बान म्हणून दाखवलेला असतो. महाराष्ट्रात शिधापत्रिका जशी धान्याच्या पलीकडे जाऊन अनेक वर्षे पत्त्याचा आणि कुटुंबाचा पुरावा बनून राहिली, आणि तीवर जसा ‘कुटुंबप्रमुख’ असतो, तसेच काहीसे हे आहे. परंतु थबियन बानचा आवाका पुष्कळ मोठा असून मतदान, शाळाप्रवेश, सैन्यभरतीची बोलावणी हे सर्व त्या पुस्तिकेतील पत्त्यावर चालते. चाओ बान म्हणजे घराचा मालक असेलच असे नाही आणि ही पुस्तिका मालकीचा पुरावाही नव्हे, हे अनेक परदेशी खरेदीदारांना उशिरा कळते. थाई नागरिकांची आणि कायम रहिवाशांची पुस्तिका निळी असते. कायम वास्तव्याचा दर्जा मिळणे कठीण आहे, कारण कायद्याने त्यासाठी एका देशाच्या वर्षाला शंभर व्यक्ती अशी कमाल मर्यादा घातली आहे; त्यामुळे तात्पुरत्या परवानगीवर राहणाऱ्या परदेशी माणसाच्या वाट्याला पिवळी पुस्तिका येते. तिच्यासाठी ‘अंफो’ म्हणजे तालुका कचेरीत, किंवा बँकॉकमध्ये तिच्या समकक्ष असलेल्या ‘खेत’ कचेरीत, अर्ज करावा लागतो, पारपत्राचे थाई भाषांतर प्रमाणित करून द्यावे लागते, घरप्रमुखाची संमती लागते आणि बहुधा साक्षीदारांसह हजर राहावे लागते. पिवळ्या पुस्तिकेवर नाव चढले की तेरा अंकी क्रमांक मिळतो आणि मग गुलाबी ओळखपत्रही काढता येते.

हे दोन्ही कागद सक्तीचे नाहीत आणि त्यांच्यामुळे देशात राहण्याचा एक दिवसही वाढत नाही, तरी ते काढून घेणे शहाणपणाचे ठरते. ज्याच्याकडे पिवळी पुस्तिका नाही त्याला वाहन परवाना काढताना किंवा गाडी नावावर करताना दर वेळी स्थलांतर कार्यालयाकडून किंवा आपल्या दूतावासाकडून निवासाचा दाखला नव्याने आणावा लागतो. ज्याच्याकडे ती आहे त्याचे काम घरातील कपाटातूनच होते.

टीएम ३० मध्ये घर बोलते, तर टीएम ४७ मध्ये परदेशी माणूस स्वतः बोलतो. सलग नव्वद दिवसांहून अधिक राहिलेल्या प्रत्येक परदेशी व्यक्तीने दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. नियत तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत कार्यालयात जाऊन हे करता येते, टपालाची आणि संगणकीय अर्जाचीही सोय आहे, शुल्क काहीच नाही आणि उशीर झाल्यास २,००० बाट दंड होतो. ही निव्वळ वर्दी आहे. तिने मुदत वाढत नाही, आणि मुदतवाढ मिळाली म्हणून ती चुकत नाही. देशाबाहेर जाऊन परत आले की नव्वदची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या दहा वर्षांच्या दीर्घ वास्तव्य व्हिसाधारकांना हीच वर्दी वर्षातून एकदाच द्यावी लागते, म्हणजे नव्वदचा आकडा सुरक्षेसाठी अटळ आहे असे खुद्द शासनही मानत नाही; मग शिक्षक, अभियंते आणि स्वयंपाकी यांना तो का लागू ठेवावा, या प्रश्नाचे पटण्यासारखे उत्तर आढळत नाही.

कागद सादर करण्याची रीत मराठी माणसाला परकी वाटू नये. भारतात जशी सत्यप्रत, तशी थायलंडमध्ये प्रत्येक छायाप्रतीवर ‘सम्नाओ थुक तोंग’, म्हणजे ‘प्रत बरोबर आहे’, असे लिहून किंवा शिक्का मारून धारकाने स्वतः सही करायची असते, आणि पारपत्राच्या फोटोच्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत प्रत्येक पानावर ती असावी लागते. कार्यालये साडेआठला उघडतात, बारा ते एक जेवणाची सुट्टी असते आणि साडेचारला बंद होतात. रांगेचा क्रमांक असलेली चिठ्ठी सकाळी लवकर घेणे हिताचे असते. सुट्ट्यांच्या यादीत माघपूजा, विशाखपूजा, आषाढपूजा आणि एप्रिलमधील सोंगक्रान, म्हणजे संक्रांत, ही नावे येतात, आणि यांपैकी पहिल्या तिन्हींच्या पौर्णिमेनुसार बदलणाऱ्या तारखा आधी पाहिल्या नाहीत तर मुदतीचा शेवटचा दिवस नेमका बंद दारापुढे उजाडतो.

तारखांचे आणखी एक प्रकरण आहे. पारपत्रावरील शिक्का इसवी सनात असतो, पण भाडेकरार, बँकेची पुस्तिका, वाहन परवाना, विवाहनोंद या देशी कागदांवर ‘फुत्थसक्करात’ म्हणजे बुद्धाब्द चालतो, जो इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे आहे. या थाई शब्दाच्या पोटात शालिवाहन शकातला ‘शक’ शब्दच आहे. भारतात १९५६ हे वर्ष बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. थायलंडमध्ये मात्र २५०० चा आकडा १९५७ साली आला, कारण तेथे महापरिनिर्वाणानंतर एक वर्ष पूर्ण झाल्यावर गणना सुरू होते. कचेरीतील कारकून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहितो तेव्हा ‘६८’ म्हणजे २५६८, अर्थात इसवी २०२५, हे नवख्याच्या लक्षात येत नाही आणि जन्मसाल व मुदत यांची सरमिसळ होते. महिन्यांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला फायदा आहे, कारण थाई महिन्यांची नावे राशींवरून पडली आहेत: मकर, कुंभ, मीन, मेष या क्रमाने जानेवारीपासून मोजता येते आणि अक्षरे ओळखता आली की शिक्कामोर्तब झालेली तारीख वाचता येते.

शब्दांच्या बाबतीतही तसेच. परवानगी म्हणजे ‘अनुयात’, जो आपला ‘अनुज्ञात’ आहे. ओळखपत्रातील ‘बत’ म्हणजे पत्र. राष्ट्रीयत्व म्हणजे ‘संचात’, ज्यात जाति आहे. शासकीय सेवा म्हणजे ‘रात्चकान’, म्हणजे राजाचे कार्य. उच्चार इतके बदलले आहेत की कानाला हे नाते कळत नाही, पण लिखित रूपात ते टिकून आहे. नावांचे मात्र उलटे होते. थाई लिपीत ळ साठी स्वतंत्र अक्षर आहे, तरी मराठी आडनाव थाईत उतरवताना अधिकारी पारपत्रातील इंग्रजी स्पेलिंगवरून लिहितो. त्यामुळे काळे, गोखले, वाघ अशा नावांची दोन कचेऱ्यांत दोन रूपे होऊ शकतात. शिवाय वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालण्याची मराठी पद्धत नाव आणि आडनाव अशा दोन रकान्यांच्या थाई चौकटीत नीट बसत नाही. पहिल्या प्रमाणित भाषांतरात जे रूप आले तेच पुढे सर्वत्र काटेकोरपणे वापरणे हाच त्यावर उपाय आहे. कामाच्या परवान्यावरील नाव आणि पिवळ्या पुस्तिकेवरील नाव यांत एका स्वराचा फरक असला तरी ते दोन इसम ठरू शकतात.

काम करण्याची परवानगी हा तिसऱ्याच खात्याचा विषय आहे. व्हिसा परराष्ट्र खात्याचा, मुदत पोलिसांची, तर कामाचा परवाना श्रम मंत्रालयाच्या रोजगार विभागाचा, आणि तो नियोक्ता, पद व कामाची जागा यांना बांधलेला असतो. सर्वसाधारण कंपनीला एका परदेशी माणसामागे वीस लाख बाटचे भरलेले भांडवल दाखवावे लागते, आणि त्याच्या मुदतवाढीसाठी चार थाई कर्मचारी असावे लागतात. गुंतवणूक मंडळाची मान्यता असलेल्या कंपन्यांना यातून सवलत मिळते. केस कापणे, पर्यटकांना वाट दाखवणे, थाई मालीश, बुद्धमूर्ती घडवणे अशी कामे थाई लोकांसाठी राखीव आहेत. नोकरी सुटली की मुदतीचा आधारही सुटतो, म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी कागदांचा विचार करावा लागतो.

पैशांच्या बाबतीत निवृत्तांसाठीचा नियम प्रसिद्ध आहे. वय पन्नास किंवा अधिक, आणि थाई बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न. ही रक्कम अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात असावी लागते व त्यानंतरही चार लाखांच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे अडीअडचणीला कामी यावा म्हणून साठवलेला पैसा अडचणीत वापरता येत नाही, ही या नियमातील खरी बोच आहे. खात्याला थाईत ‘बंची’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘पंजी’पासून आलेला आहे. भामट्यांनी दुसऱ्याच्या नावे चालवलेल्या खात्याला ‘बंची मा’, म्हणजे घोडा-खाते, असे नाव पडले असून २०२३ च्या वटहुकमाने असे खाते वापरायला देणे गुन्हा ठरवल्यापासून परदेशी लोकांची खाती उघडताना बँका फार सावध झाल्या आहेत. वर्षात १८० दिवस राहिलेला माणूस करदृष्ट्या निवासी ठरतो आणि २०२४ पासून मिळालेले परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणल्यास ते करपात्र धरले जाते. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्यामुळे भरलेल्या कराचे दाखले जपून ठेवणे हिताचे.

जमिनीविषयी थोडक्यात एवढेच की सर्वसाधारणपणे ती परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, परंतु एका इमारतीतील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच आणि बाहेरून आणलेल्या परकीय चलनातून. भाडेपट्टा जास्तीत जास्त तीस वर्षांचा असतो आणि तीन वर्षांहून मोठा पट्टा नोंदवलेला नसेल तर पहिल्या तीन वर्षांपलीकडे तो बजावता येत नाही.

मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाट आणि कमाल २०,००० बाट दंड आहे. २०१६ पासून त्याला प्रवेशबंदीची जोड मिळाली: नव्वद दिवसांहून अधिक उलटल्यावर स्वतः हजर झालेल्यास एक वर्ष, तर त्याआधी पकडले गेलेल्यास, दिवस थोडे असले तरी, पाच वर्षे. पैसे भरून सुटता येते या जुन्या समजुतीवर कोणी विसंबू नये.

घराचा धागा जन्ममृत्यूपर्यंत जातो. १९९१ च्या नागरी नोंदणी कायद्याप्रमाणे घरात मूल जन्मले तर पंधरा दिवसांच्या आत ते कळवण्याचे कर्तव्य चाओ बानचे किंवा आईवडिलांचे असते, आणि मिळणाऱ्या दाखल्याला ‘सूतिबत’ म्हणतात, म्हणजे सूतिपत्र. तात्पुरत्या परवानगीवर राहणाऱ्या परदेशी जोडप्याच्या मुलाला त्या दाखल्याने थाई नागरिकत्व मिळत नाही; त्याचा जन्म भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी सूतिबतवरील नावे पारपत्रांशी अक्षरशः जुळावी लागतात. घरात मृत्यू झाला तर मुदत चोवीस तासांची आहे, दाखला ‘मोरनबत’ म्हणजे मरणपत्र, आणि कळवणारा पुन्हा तोच, चाओ बान. घर भाड्याचे असले आणि त्या वेळी घरात दुसरे कोणी नसले, तर प्रेत ज्याला आढळले त्याच्यावर ते कर्तव्य येते, आणि तो शेजारी असतो, पहारेकरी असतो किंवा वरच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण असते.